गाळा क्रमांक तीन

गुरुवारी लाइट जायची,
म्हणून गुरुवारी गिरणी बंद.
बाकी सहा दिवस आमच्या जिन्याचा कठडा
सकाळी नऊपासून बारीक थरथरायचा.
त्यावर हात ठेवून उतरलं
की कळायचं, आज गहू चाललाय की हरभरा.

खुटवड भिवयांपासून चपलेपर्यंत पांढरा.
वेल्ह्याहून तो आला तेव्हा कोथरूडात
रात्री कोल्हे ओरडायचे, असं सांगायचा,
आणि आम्ही, त्याच्यानंतर आठ वर्षांनी आलेले,
मूळचे इथलेच असल्यासारखे
माना डोलवायचो.

डब्यात चिठ्ठी असायची.
"ज्वारी. बारीक. बाजरीवर नको."
"भाजणी. आधी कुणाचे तरी तांदूळ काढून मगच."
"मागच्या वेळी कचकच लागली. लक्ष द्यावे. ब्लॉक १४."
वाचून झाली की तो ती खिळ्याला टोचायचा.
वर्षानुवर्षांचा आमचा खवचटपणा
एका खिळ्यावर,
पिठानं मऊ झालेला.

दहा किलोचे पाच झाले
तेव्हा मुलगा परदेशी गेल्याचं
त्याला आधी कळलं, शेजाऱ्यांना नंतर.
हिच्या दुखण्यात नाचणीची पिशवी सुरू झाली, अर्धा किलो.
मग ती थांबली.
चिठ्ठीतलं अक्षर बदललं.
त्यानं विचारलं नाही.
दोन महिने दळणाचे पैसे घेतले नाहीत, एवढंच,
आणि माझ्या ते लक्षात आलं नाही
असं मी दाखवलं.

मग सभा. गच्चीवर, भाड्याच्या खुर्च्या.
मी सेक्रेटरी.
बिल्डरच्या माणसानं मसुदा आणलेला, पान एकोणीस:
"गाळा क्र. ३, पीठगिरणी. धूळ, आवाज व कंपण
यामुळे नवीन इमारतीत परवानगी राहणार नाही."
मी चष्मा लावला.
'कंपण'चं 'कंपन' केलं,
बाजूला छोटी सही केली, पुढे सरकवलं.
बावीसच्या बावीस सह्या झाल्या.
भाडेकरूची लागत नाही.
तो जिन्याच्या दारात उभा होता,
कुणाचा तरी डबा पोचवायला वर आलेला.
त्यालाही साबुदाणा वडा दिला आम्ही.

शेवटच्या दिवशी मी डबा ठेवून आलो,
सहाला नेतो म्हणालो.
सहाला सामानाचा टेम्पो आला.

खोटं कशाला बोलू,
लिफ्ट बरी आहे. गुडघे दुवा देतात.
अकराव्या मजल्यावरून मेट्रो
पोराच्या खेळण्यासारखी जाते,
आणि वारा असा येतो की पेपर धरून वाचावा लागतो.
खाली आता मोबाइलची काच बदलून मिळते,
दहा मिनिटांत.
शेजारी कोरियन नूडल्स.
घरोघरी घरघंटी आहे.
रात्री साडेदहाला कुणी ती लावली
की तक्रार माझ्याकडे येते.
नोटीस मीच लिहितो.
'कंपन' बरोबर लिहितो.

परवा फोन आला.
मागे कोंबड्या, ट्रॅक्टर, काहीतरी चालू.
"साहेब, खुटवड. तुमचा डबा राह्यलाय माझ्याकडं.
पाच किलो ज्वारी होती.
दळून ठेवली, तुम्ही आला नाहीत.
जाळी धरंल म्हणून आम्ही भाकरी करून खाल्ली.
तर तिचे किती झाले, तेवढं सांगा."

मी म्हटलं, अहो, काय हे, कशाला.
तो म्हणाला, नाही, हिशोब आहे.

मग दोघंही गप्प.
मी बाल्कनीत होतो, सवयीनं हात कठड्यावर.
स्टीलचा आहे, खाली काच. गार.
काही कळत नाही त्याच्यावरून.

"डबा धुऊन ठेवलाय," तो म्हणाला.
"झाकणावर वहिनींचं नाव घातलंय ना,
म्हणून दुसऱ्या कशाला
वापरला नाही."